घरच्या घरी उदोन: पीठ, सूप आणि तीन वेळचं पाणी

उदोन म्हणजे गव्हाचे जाड, पांढरे, गुळगुळीत नूडल्स. पीठ, पाणी आणि मीठ, एवढंच साहित्य. रामेनला लागणारं क्षारयुक्त पाणी इथे लागत नाही, अंडं लागत नाही आणि सूपही तासन्‌तास उकळत बसावं लागत नाही. जपानी सूप-नूडल्सपैकी घरी मुळापासून करायला म्हणूनच हा सगळ्यात योग्य. गरम सूपमध्ये वाढलेल्या साध्या उदोनला 'काके उदोन' म्हणतात. इथे तोच तीन माणसांपुरता करू.

उदोन बिघडतो तो बहुतेक वेळा पाण्यात: पीठ भिजवायच्या, सूपच्या किंवा नूडल्स धुवायच्या. मसाल्यांनी झाकता येईल असं यात काहीच नसल्यामुळे पाण्याची प्रत्येक चूक वाडग्यात दिसते.

आदल्या रात्री

सूपचा पाया असतो 'दाशी'. त्यासाठी कोंबू हा समुद्री शेवाळाचा वाळवलेला, जाड, गडद हिरवा पट्टा लागतो. तो मुख्यतः जपानच्या उत्तरेकडच्या होक्काइदो बेटाच्या किनाऱ्यावरून येतो. एदो काळात (१६०३ ते १८६८) जहाजांनी तो तिथून ओसाकाला जाई, आणि ओसाका-क्योतोचं सूप आजही कोंबूच्या चवीवर उभं आहे. विकत घेताना 'रिशिरी' किंवा 'मा-कोंबू' मिळाला तर उत्तम. 'हिदाका' लवकर मऊ शिजतो, तो सूपपेक्षा खायला जास्त चांगला. कोरियन दुकानातला 'दाशिमा'ही चालतो.

१३०० मिली पाण्यात १३ ग्रॅम कोंबू भिजत घालून पातेलं रात्रभर फ्रिजमध्ये ठेवा. पट्ट्यावर पांढरी भुकटी असते. ती बुरशी नाही, मॅनिटॉल नावाची गोडसर शर्करा आहे. कोंबू नळाखाली धुऊ नका, ओलसर फडक्याने हलकेच पुसा.

पाणी मृदू हवं. जपानमधलं बहुतेक पाणी मृदू असतं आणि दाशीची सगळी रीत त्यावरच बसवलेली आहे. जड पाण्यातलं कॅल्शियम कोंबूतल्या अल्जिनिक आम्लाशी बांधलं जातं. मग चव नीट उतरत नाही आणि सूपवर फेसाळ साय येते. बोअरवेलचं पाणी वापरणाऱ्यांनी दाशीसाठी तरी आरओचं पाणी घ्यावं. याच एका बदलाने सर्वांत जास्त फरक पडतो.

पूर्ण शाकाहारी सूप हवं असेल तर याच पाण्यात १३ ग्रॅम वाळलेले शिइताके मशरूमही टाका. त्यांना मात्र थंड पाणीच हवं. गरम पाण्यात ते लवकर फुगतात, पण चव अर्धीच देतात आणि कडवटपणा उतरतो.

पीठ

- मैदा ३०० ग्रॅम
- पाणी १३५ ग्रॅम
- मीठ १५ ग्रॅम
- वरून भुरभुरायला कॉर्नफ्लोअर किंवा बटाट्याचं स्टार्च

वाटी-चमचा बाजूला ठेवून इथे वजनकाटाच वापरा. १० ग्रॅम पाणी जास्त झालं तरी मळताना छान वाटणारं पीठ कापताना एकमेकाला चिकटतं.

मैद्याच्या पाकिटावर १०० ग्रॅममागे प्रोटीन किती ते बघा. ९ ते ११ ग्रॅम हवं. त्याहून कमी असेल तर नूडल्स तुटतात. ब्रेडसाठीच्या १२ ग्रॅमच्या पुढच्या मैद्याचे नूडल्स रबरी होतात आणि लाटलेलं पीठ आखडून मागे येतं. चक्कीच्या कणकेचा उदोन होत नाही, हे आधीच मान्य केलेलं बरं. कोंडा ग्लुटेनचे धागे तोडतो, आणि जात्यात दुखावलेलं स्टार्च जास्त पाणी पिऊन उकळताना बाहेर सुटतं. जपानमध्येही पिठाची निवड हा मोठा विषय आहे. शिकोकू बेटावरच्या कागावा प्रांताचा, म्हणजे जुन्या सानुकीचा, उदोन सर्वांत नावाजलेला. तिथले पुष्कळ दुकानदार ऑस्ट्रेलियन गहू वापरतात, म्हणून प्रांताने 'सानुकी नो युमे २०००' नावाचं स्वतःचं गव्हाचं वाण तयार केलं.

१५ ग्रॅम मीठ पाहून घाबरू नका. त्यातलं बरंचसं उकळत्या पाण्यात निघून जातं. मीठ चवीपुरतं नाहीच मुळी. ते ग्लुटेन आवळतं आणि पीठ सैल करणाऱ्या एन्झाइम्सना रोखतं. गरमीत पीठ लवकर सैल पडतं, म्हणून उन्हाळ्यात मीठ वाढवायचं. जपानी कारागिरांचं जुनं सूत्र आहे, 'दो-सान, कान-रोकु, जो-गो-हाइ': एक माप मिठाला कडक उन्हाळ्यात तीन मापं पाणी, थंडीत सहा, एरवी पाच. आजची मिठाची प्रमाणं याहून बरीच कमी आहेत, पण दिशा तीच. नागपूर-जळगावच्या एप्रिल-मेमध्ये १८ ग्रॅम मीठ घ्या. मुंबई-कोकणच्या पावसाळ्यात पिठातच दमटपणा असतो, तेव्हा पाणी १३० ग्रॅमवर आणा.

मीठ पाण्यात पूर्ण विरघळवून घ्या. मैदा परातीत पसरून घ्या, खाऱ्या पाण्याचे तीन भाग करा. प्रत्येक भाग धारेने फिरवत घाला आणि बोटं पंजासारखी पसरून पीठ भराभर फिरवा. दाबायचं नाही, गोळा करायचा नाही. पिठाच्या कणाकणाला पाणी लागेपर्यंत फक्त फिरवत राहायचं. दोन-तीन मिनिटांत मसुरीच्या-वाटाण्याच्या आकाराच्या भुरभुरीत गोळ्या होतील. या वेळी पीठ फार कोरडं वाटतं आणि हात आपसूक पाण्याच्या भांड्याकडे जातो. पोळीच्या कणकेची सवय इथे आड येते. पाणी घालू नका. गोळ्या मुठीने दाबून एकत्र करा, जाड प्लॅस्टिकच्या पिशवीत घाला आणि अर्धा तास तशाच ठेवा. पाणी आपोआप आत मुरतं.

आता मळणं. एवढं घट्ट पीठ हाताला दाद देत नाही, म्हणून जपानमध्ये ते पिशवीत घालून, वर कापड टाकून पायाने तुडवतात. टाचेने, मधून कडेकडे. पिशवीचं तोंड थोडं उघडं ठेवायचं, नाहीतर हवा कोंडून ती फाटते. पीठ पसरून चपटं झालं की बाहेर काढून तीन घड्या घालायच्या आणि पुन्हा तुडवायचं, असं चार वेळा. अन्नाला पाय लावणं मनाला पटत नसेल तर पिशवीतल्या पिठावर जड लाटणं आडवं ठेवा आणि अंगाचा भार देऊन दाबत न्या. पाच मिनिटं दाबा, दहा मिनिटं विश्रांती द्या, घडी घाला, असं चारदा. वेळ जास्त लागतो, उदोन तितकाच चांगला होतो.

पीठ गुळगुळीत झालं की थांबा. तुडवताना पृष्ठभागाला चिरा पडू लागल्या तर ग्लुटेन ताणाच्या पलीकडे गेलं आहे असं समजा. जोर वाढवून काही साधत नाही, वीस मिनिटं सोडून द्या.

पिठाचा गोळा करून पिशवीत बंद करा. २५ अंश सेल्सिअसच्या आसपास दोन तास, ३५ अंशांच्या गरमीत एकच तास. रात्रीच मळून फ्रिजमध्ये ठेवलं तरी चालतं. मग लाटायच्या तासभर आधी बाहेर काढून एकदा पुन्हा तुडवा आणि अर्धा तास थांबा. ही विश्रांती टाळली तर लाटणं उचलताच पीठ आखडतं, आणि जबरदस्तीने पातळ केलेले नूडल्स उकळताना असमान फुगतात.

लाटणं, कापणं

पोळपाट यासाठी लहान पडतो. स्वच्छ ओट्यावर लाटा, किंवा पिठाचे दोन भाग करा. खाली-वर स्टार्च भुरभुरा. मैदा भुरभुरला तर तो उकळत्या पाण्यात खळ होऊन बसतो.

गोल नाही, चौकोनी लाटायचं. आधी गोल करा, मग लाटणं ४५ अंशांत फिरवून चार कोपरे बाहेर काढा. जाडी ३ मिलिमीटर. सगळं पीठ एकदम लाटलं तर साधारण ३५ सेंटिमीटरचा चौरस होतो. लाटून त्याहून बराच मोठा झाला असेल तर जाडी कमी पडली आहे. नूडल्स उकळून बरेच फुगतात, म्हणून कच्चे असताना बारीक दिसले तरी चिंता नको.

वर सढळ हाताने स्टार्च टाका, तीन घड्या घाला आणि धारदार सुरीने ३ मिलिमीटर रुंदीचे काप करा. सुरी सरळ खाली दाबायची. करवतीसारखी मागेपुढे केली की कडा चेपून चिकटतात आणि नूडल्सचा कोन जातो. चौकोनी, टोकदार कडा ही चांगल्या उदोनची खूण आहे. कापलेले नूडल्स लगेच झटकून मोकळे करा आणि शक्य तितक्या लवकर उकळा. खूप वेळ तसेच राहिले तर खालचे एकमेकांना धरतात.

दाशी आणि सूप

नूडल्स उकळायला टाकण्याआधी सूप तयार हवं. उदोन सूपची वाट बघत नाही.

रात्रभर भिजलेलं पातेलं मंद आचेवर ठेवा. दहा-बारा मिनिटांत पाणी ६० अंशांच्या वर जाईल. पातेल्याच्या तळाशी बारीक बुडबुडे चिकटू लागले की कोंबू काढून घ्या. पाणी उकळेपर्यंत तो आत राहिला तर सूप बुळबुळीत होतं आणि समुद्राचा उग्र वास येतो. सूप वाया जातं ते बहुधा याच दोन मिनिटांत, तेव्हा पातेल्यापाशी उभे राहा.

आता पाणी उकळीच्या काठावर आणा, गॅस बंद करा आणि ३० ग्रॅम कात्सुओबुशी टाका. हे धुरवलेल्या, वाळवलेल्या कात्सुओ माशाचे कागदासारखे पातळ काप. ढवळू नका. दीड-दोन मिनिटांत ते बुडायला लागतात, तेव्हा स्वच्छ मलमलच्या फडक्यातून गाळा. फडकं पिळायचा मोह होतो, पिळू नका. शेवटच्या त्या चार चमच्यांत आंबट-कडवट चव आणि गढूळपणा असतो. सुमारे ११०० मिली दाशी मिळेल.

शिइताके घातले असतील तर कोंबू काढल्यावर मशरूम आतच ठेवून मंद आचेवर दहा मिनिटं तापवा, एकदा हलकी उकळी येऊ द्या आणि गाळा. मशरूमची खरी चव या सावकाश तापवण्यातच तयार होते.

कोंबूबरोबर दुसरं काही घालायचं कशासाठी? १९०८ मध्ये जपानी रसायनशास्त्रज्ञ इकेदा किकुनाए यांनी कोंबूतली चव ग्लुटामेटची आहे हे शोधून तिला 'उमामी' नाव दिलं. १९१३ मध्ये कोदामा शिंतारो यांनी कात्सुओबुशीतलं इनोसिनेट ओळखलं, आणि १९५७ मध्ये कुनिनाका आकिरा यांनी ग्वानिलेट, जे शिइताकेत भरपूर असतं. ग्लुटामेट या दोहोंपैकी कोणाशीही मिसळलं की चव बेरजेपेक्षा कितीतरी पटींनी वाढते. म्हणून नुसत्या कोंबूची दाशी चांगली असूनही पातळ वाटते, आणि कोंबू-शिइताकेची शाकाहारी दाशी माशाच्या दाशीपुढे कमी पडत नाही. कागावात मात्र कात्सुओपेक्षा 'इरिको' जास्त चालतात. हे छोटे वाळवलेले मासे आपल्या मांदेलीच्याच कुळातले, पण ते आधी मिठाच्या पाण्यात उकळून मग वाळवतात. कोकणातली सुकी मासळी कच्चीच उन्हात वाळवलेली असते, म्हणून तिचा वास उग्र येतो आणि सूप स्वच्छ होत नाही. सुकटीवर भागवण्यापेक्षा शिइताके वापरा.

सूपची जोडणी अशी:

- दाशी १०५० मिली
- मिरिन (स्वयंपाकात वापरतात ती तांदळाची गोड जपानी दारू) ३० मिली
- उसुकुची सोया सॉस ४० मिली
- मीठ ३ ग्रॅम

दाशी मिरिन घालून उकळा आणि मिनिटभर उकळू द्या, म्हणजे मद्यार्क उडून जातो. आच कमी करून सोया सॉस आणि मीठ घाला आणि पुन्हा उकळी फुटायच्या आत बंद करा. सोया सॉस जास्त उकळला की सुगंध जातो. मिरिन नको असेल किंवा मिळत नसेल तर दोन चहाचे चमचे साखर घाला. चकाकी थोडी कमी येते, गोडी बरोबर बसते.

उसुकुची हा ओसाकाकडचा फिक्या रंगाचा सोया सॉस. रंग हलका असला तरी तो नेहमीच्या गडद कोइकुचीपेक्षा जास्त खारट असतो. भारतात सहज मिळतो तो कोइकुची. तो वापरायचा तर ४० मिलीच घ्या आणि मीठ ४ ग्रॅम करा. रंग गडद येईल. तोक्योकडचं सूप तसंच काळसर असतं, पूर्व आणि पश्चिम जपानचा हा जुनाच भेद आहे. १९७६ मध्ये बाजारात आलेला 'दोनबेइ' हा पाकिटातला उदोनसुद्धा पूर्वेला वेगळ्या आणि पश्चिमेला वेगळ्या चवीचा विकला जातो.

बाटलीवरचं साहित्य वाचायची सवय ठेवा. सोयाबीन, गहू, मीठ, पाणी एवढंच हवं. कॅरॅमल रंग आणि साखर घातलेला 'डार्क सोया सॉस' चायनीज भातासाठी ठीक आहे, इथे तो सगळं सूप मारून टाकतो. तयार दाशी-पावडर वापरणार असाल तर तिच्यात मीठ असतं, तेव्हा वरचं मीठ चाखूनच घाला. शिवाय ती बहुधा माशाची असते, शाकाहारी मंडळींनी पाकीट नीट वाचावं.

सूप नुसतं चाखलं तर किंचित जास्त खारट लागलं पाहिजे. नूडल्सबरोबर थोडं पाणी येतंच, आणि उदोन स्वतः अळणी असतो.

उकळणं आणि धुणं

नूडल्सच्या वजनाच्या दहापट पाणी. आपल्याकडे साडेचारशे ग्रॅम कच्चे नूडल्स आहेत, म्हणजे साडेचार-पाच लिटर. एवढं मोठं पातेलं नसेल तर दोन घाण्यांत उकळा. कमी पाण्यात स्टार्चची पेज होते आणि नूडल्स बाहेरून विरघळतात, आतून कच्चे राहतात. या पाण्यात मीठ घालायचं नाही, कारण पिठातलं मीठ बाहेर यायला हवं.

खळखळत्या पाण्यात नूडल्स झटकून टाका. पहिलं मिनिटभर हात लावू नका, तुटतात. वर तरंगू लागले की लांब काडीने एकदा हलकेच मोकळे करा. मग नूडल्स पाण्यात गोल फिरत राहतील एवढी आच ठेवा. ऊतू जायला लागलं तर गार पाणी ओतण्यापेक्षा आच कमी करणं चांगलं, नाहीतर तापमान घसरतं.

३ मिलिमीटरच्या ताज्या उदोनला १० ते १२ मिनिटं लागतात. दहाव्या मिनिटाला एक नूडल काढून गार पाण्यात बुडवा आणि मधोमध कापा. मधे पांढरा ठिपका दिसला तर अजून मिनिटभर. ठिपका नाहीसा झाला आणि कडा अर्धपारदर्शक दिसल्या की झालं.

आणि आता धुणं. हे वगळलं तर आधीची सगळी मेहनत वाया जाते. नूडल्स चाळणीत काढून लगेच भरपूर गार पाण्यात टाका. पहिलं पाणी ओतून द्या. दुसऱ्या पाण्यात दोन्ही हातांनी नूडल्स हलके चोळा, हाताला लागणारा बुळबुळीतपणा निघून जाईपर्यंत. तिसरं पाणी जवळजवळ स्वच्छ राहिलं पाहिजे. उन्हाळ्यात गच्चीवरच्या टाकीतून येणारं पाणी कोमट, कधी चक्क गरम असतं, त्याने काम भागत नाही. शेवटचं पाणी बर्फाचंच घ्या.

धुण्याने पृष्ठभागावरचं स्टार्च जातं आणि शिजणं तिथेच थांबतं. दातांना आधी मऊ आणि मग आतून प्रतिकार जाणवतो, त्याला जपानीत 'कोशी' म्हणतात. उदोनची पारख तिच्यावरच होते. न धुतलेल्या नूडल्सनी सूपही गढूळ आणि दाट होतं.

गरम सूपसाठी नूडल्स पुन्हा गरम करायचे. उकळत्या पाण्यात २०-३० सेकंद बुडवा, चाळणी दोनदा जोरात झटका आणि गरम पाण्याने तापवलेल्या वाडग्यात घाला. वाडगा गार असेल तर सूप बघता बघता कोमट होतं. नूडल्स निथळले नाहीत तर सूप फिकं पडतं. वरून प्रत्येकी ३५० मिली वाफाळतं सूप ओता. मुंबईच्या उकाड्यात हवं तर नूडल्स गारच ठेवा आणि सूप गरम ओता. कागावात याला 'हिया-आत्सु' म्हणतात, आणि कोशी जास्त टिकते ती यातच.

वरून काय

पातीच्या कांद्याची बारीक चिरलेली पात हवीच. किसलेलं आलं अर्धा चमचा. 'शिचिमी' हा सात जिनसांचा तिखट मसाला मिळाला तर चिमूटभर. लसूण, कोथिंबीर, लिंबू इथे नको, कोंबूची चव दबते.

ओसाकाचा 'कित्सुने उदोन' करायचा असेल तर वर गोडसर शिजवलेलं तळलेलं तोफू, म्हणजे 'आबुराआगे', ठेवतात. कित्सुने म्हणजे कोल्हा. इनारी देवतेच्या कोल्ह्यांना हे तोफू आवडतं अशी समजूत आहे. विकतचे तीन तुकडे उकळत्या पाण्यात मिनिटभर ठेवून तेल काढा. मग २०० मिली दाशी, २५ ग्रॅम साखर आणि दीड मोठा चमचा कोइकुची यांत झाकण ठेवून मंद आचेवर १२-१५ मिनिटं, रस आटत येईपर्यंत शिजवा. त्याच रसात गार होऊ द्या, गार होतानाच तो आत शिरतो. आबुराआगे मिळत नसेल तर घट्ट तोफूचे १ सेंटिमीटरचे काप तासभर वजनाखाली दाबून पाणी काढा आणि सोनेरी तळा. विकतच्यासारखे फुगत नाहीत, पण रस पितात. पनीर रस पीत नाही, ते वापरू नका.

बिघडलं तर

नूडल्स उकळताना आखूड तुकडे होत असतील तर पाणी कणाकणाला लागलेलं नसतं, किंवा मैदा कमी प्रोटीनचा असतो. बाहेरून लगदा आणि आत कच्चं असेल तर भांड्यात पाणी कमी होतं किंवा आच मंद होती. नूडल्स अती खारट लागले तर धुणं कमी पडलं. सूपला धार नाही असं वाटलं तर आधी चिमूटभर मीठ घालून चाखा, सोया सॉस वाढवू नका. बहुतेक वेळा कमी असतं ते मीठच.

दाशी फ्रिजमध्ये दोन दिवस टिकते. उकळलेले नूडल्स मात्र ठेवायचे नाहीत. धुतल्यानंतर अर्ध्या तासात कोशी उतरू लागते. जास्तीचं पीठ असेल तर कच्चे नूडल्स कापून, स्टार्च लावून, एकेका माणसाच्या वाट्याने फ्रीझरमध्ये ठेवा. उकळताना ते न वितळवता थेट टाकायचे आणि दोन मिनिटं जास्त द्यायची.